नवरा कर्ज ठेवून गेला, बाईने शेडमध्ये मशीन बनवलं, आणि जगाला डिशवॉशर मिळालं

घरात डिशवॉशर घ्यायचा विषय निघाला की दोन प्रश्न ठरलेले असतात. कढईचा तेलकटपणा निघेल का? आणि मशीन आवाज किती करेल?

दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड आहे. कारण आपल्याकडे भांडी पडतात रात्री जेवणं झाल्यावर. स्वयंपाकघर हॉलला लागून, बेडरूम चार पावलांवर, आणि सकाळी सातला मुलांची शाळा. अशा घरात दीड-दोन तास घरघरणारं मशीन कोणाला हवंय?

पण गंमत अशी की हे मशीन जन्माला आलं, तेव्हा आवाजाची काळजी करणारं गिऱ्हाईकच त्याला मिळालं नव्हतं. ते विकलं गेलं मोठ्या हॉटेलांच्या भटारखान्यात. तिथे आधीच एवढा गोंगाट असायचा की आणखी थोड्याने काय फरक पडणार? घराच्या ओट्यापर्यंत यायला त्याला अर्धं शतक लागलं. आणि ते बनवणाऱ्या बाईला तो दिवस बघायला मिळालाच नाही.

त्या बाईंचं नाव जोसेफिन कोक्रेन.

वाफेची बोट चालवणाऱ्याचं घराणं

जोसेफिनबाईंचा जन्म ८ मार्च १८३९ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला. ८ मार्च म्हणजे पुढे जो जागतिक महिला दिन झाला, तीच तारीख. अर्थात तेव्हा असा कुठला दिवस नव्हता.

वडील जॉन गॅरिस इंजिनियर होते. ओहायो नदीच्या काठाने ज्या गिरण्या उभ्या राहत होत्या, त्यांच्यावर देखरेख करायचं त्यांचं काम. आई आयरिन ही फिच घराण्यातली. याच घराण्यातल्या जॉन फिच यांनी १७८७ मध्ये फिलाडेल्फियाजवळ डेलावेअर नदीत वाफेवर चालणारी बोट चालवून दाखवली होती. बोट चालली, पण धंदा चालला नाही. फिच हलाखीत गेले आणि वाफेच्या बोटीचं श्रेय पुढे दुसऱ्यांच्या नावावर जमा झालं.

म्हणजे यंत्र बनवणं एक आणि ते विकून पोट भरणं दुसरं, हा धडा या घराण्याने आधीच घेतलेला होता. जोसेफिनबाईंना पुढे तोच पेपर पुन्हा सोडवायचा होता.

त्यांचं शिक्षण फार झालं नाही. शिकत होत्या त्या शाळेला आग लागली, तेव्हा त्यांना इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल या गावी बहिणीकडे पाठवण्यात आलं. तिथेच १८५८ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी, विल्यम कोक्रेन यांच्याशी लग्न झालं. विल्यम कॅलिफोर्नियात सोनं शोधायला जाऊन परत आलेले. तिथे काही हाती लागलं नाही, पण गावात येऊन टाकलेल्या कापडाच्या दुकानाने चांगला जम बसवला.

दोन मुलं झाली. त्यातला मुलगा दोन वर्षांचा असतानाच गेला. मुलगी कॅथरिन तेवढी राहिली.

ताटलीची कड उडाली

१८७० च्या सुमाराला कोक्रेन कुटुंब मोठ्या बंगल्यात राहायला गेलं. विल्यम राजकारणातही होते. घरात पाहुण्यांची ये-जा, रात्रीच्या मेजवान्या, गावातल्या बड्या मंडळींची ऊठबस. अशा वेळी कपाटातून खास चिनी मातीची भांडी निघायची. ती पिढीजात होती, थेट सतराव्या शतकातली, असं सांगितलं जातं.

मेजवानी संपली की नोकर ती भांडी घासायचे आणि दर वेळी एखाद्या ताटलीची कड उडालेली असायची. आपल्याकडे काचेच्या बरणीला चीर गेली की आजी जशी ती उन्हात धरून हळहळते, तसंच काहीसं. वैतागून बाईंनी ती भांडी स्वतः घासायला घेतली. आणि तेव्हा त्यांना समजलं की हे काम किती कंटाळवाणं आहे.

शिवणाचं मशीन निघालंय, मग भांड्यांचं का नाही, हा विचार तिथून सुरू झाला.

इंटरनेटवर ही गोष्ट बहुतेक वेळा इथेच संपते. श्रीमंत बाईची महागडी भांडी फुटली म्हणून तिने मशीन काढलं, वगैरे. ऐकायला मजा येते, पण ही निम्मीच गोष्ट आहे. मेजवान्यांच्या काळात बाईंकडे नुसती कल्पना होती. तिचं मशीन झालं ते गरजेपोटी.

१८८३

१८८३ मध्ये विल्यम आजारी पडले आणि गेले. जोसेफिनबाईंचं वय तेव्हा ४४.

बाहेरून बंगला, मेजवान्या, सगळं छान दिसत होतं. हिशेब उघडल्यावर कळलं की रोख जेमतेम दीड हजार डॉलर आहेत आणि कर्ज त्याहून कितीतरी जास्त. त्या काळात चांगल्या घरातल्या विधवेपुढे मार्ग थोडे होते. मुलीकडे नाहीतर नातेवाइकांकडे राहायचं, घरात भाडेकरू ठेवायचे, किंवा पुन्हा लग्न करायचं.

बाईंनी यातलं काहीच केलं नाही. घरामागच्या लाकडी शेडमध्ये त्यांनी काम सुरू केलं.

आधी भांडी मोजली. ताटल्या केवढ्या, बशा केवढ्या, कप किती उंच. मग प्रत्येकाच्या मापाचे तारेचे कप्पे वाकवून घेतले. ही गोष्ट वाटते छोटी, पण सगळ्या शोधाचं गमक यातच आहे.

भांडी धुण्याची यंत्रं त्यांच्या आधीही निघाली होती. १८५० मध्ये जोएल हॉटन नावाच्या माणसाने एका लाकडी यंत्राचं पेटंट घेतलं होतं. दांडा फिरवायचा आणि पाणी भांड्यांवर उडवायचं, असा तो प्रकार. आणखीही काही प्रयत्न झाले. पण त्यातलं काही चाललं नाही.

जोसेफिनबाईंनी वेगळा विचार केला. भांडं घट्ट धरून ठेवायचं, म्हणजे ते दुसऱ्यावर आपटणार नाही. आणि ते घासायचंच नाही. गरम साबणाच्या पाण्याचा जोरदार मारा करायचा. घासायचं काम पाण्याच्या दाबाने करायचं.

त्यांच्या मशीनमध्ये तांब्याच्या मोठ्या हंड्यासारखं भांडं होतं. त्याच्या आत आडवं चाक आणि त्या चाकावर तारेचे कप्पे. चाक फिरायचं, पंपाने आधी साबणाचं गरम पाणी भांड्यांवर यायचं आणि नंतर स्वच्छ गरम पाणी. आज आपल्या मशीनमध्ये भांडी जागेवर राहतात आणि पाणी फेकणारे पंखे फिरतात. तेव्हा उलटं होतं, भांडीच गोल फिरायची. पण मापाचे कप्पे आणि पाण्याचा मारा या दोन गोष्टी तेव्हापासून आजपर्यंत बदललेल्या नाहीत.

इंजिनियर ऐकत नव्हते

डोक्यातलं यंत्र लोखंडात उतरवायला माणूस हवा होता. बाईंनी आधी जे जाणकार नेमले, त्यांना वाटायचं की यंत्रातलं या बाईला काय समजतंय? सांगितलं एक तर ते करायचे दुसरंच, स्वतःच्या डोक्याने. ते फसलं की मग बाईंच्या पद्धतीने करून बघायचे. आणि या सगळ्या प्रयोगांचा खर्च कोणाच्या खिशातून? बाईंच्या.

शेवटी जॉर्ज बटर्स नावाचे एक मेकॅनिक भेटले. ते ऐकून घ्यायचे. त्या शेडमध्ये दोघांनी मिळून मशीन उभं केलं. १८८५ च्या शेवटच्या दिवशी अर्ज दाखल झाला आणि २८ डिसेंबर १८८६ रोजी पेटंट मिळालं. त्याचा नंबर ३५५१३९.

याच १८८६ च्या मार्चमध्ये, त्याच अमेरिकेत, फिलाडेल्फियाला आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या होत्या. बाईमाणसाने पदवी मिळवणं किंवा पेटंट घेणं ही तेव्हा तिथेही बातमीच होती.

हॉटेलची लॉबी

पेटंट मिळालं म्हणून कर्ज फिटत नाही. मशीन विकायला हवं होतं.

बाईंना ते घरोघरी पोचवायचं होतं. पण घरांसाठी ते महाग होतं, मोठं होतं आणि गरम पाणी भरपूर मागत होतं. म्हणून त्या हॉटेलांकडे वळल्या. शिकागोचं पामर हाऊस हे नामांकित हॉटेल त्यांचं पहिलं मोठं गिऱ्हाईक ठरलं. तिथे ओळखीतून शिरकाव झाला होता.

दुसरं हॉटेल होतं शर्मन हाऊस. तिथे ओळख नव्हती. आजवर बाई वडिलांशिवाय किंवा नवऱ्याशिवाय अशा ठिकाणी गेल्याच नव्हत्या. एकट्या बाईने हॉटेलच्या लॉबीतून चालत जाऊन मॅनेजरला भेटायचं, हे त्या काळच्या चालीरीतीत बसणारं नव्हतं. पुढे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय की ती लॉबी एकटीने ओलांडणं हे आयुष्यातल्या सगळ्यात कठीण कामांपैकी एक होतं.

त्या लॉबी ओलांडून गेल्या आणि ८०० डॉलरची ऑर्डर घेऊन बाहेर आल्या.

ऑर्डरी येऊ लागल्या, पण भांडवल नव्हतं. मशीन दुसऱ्यांच्या कारखान्यात बनवून घ्यावी लागायची आणि नफा तिकडेच जायचा. पैसे लावायला लोक तयार होते, पण त्यांची एक अट होती. कंपनीचा कारभार बाईंनी पुरुषांच्या हाती द्यायचा.

बाईंनी ती अट मानली नाही. उशीर चालेल, पण चावी आपल्याकडे राहील, असं ठरवून त्यांनी धंदा हळूहळू वाढवला.

शिकागोचा मेळा

१८९३ मध्ये शिकागोला जागतिक प्रदर्शन भरलं. सहा महिन्यांत पावणेतीन कोटींच्या आसपास भेटी नोंदल्या गेल्या, एवढी गर्दी. याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत त्या सप्टेंबरात स्वामी विवेकानंद बोलले होते, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे.

एवढी माणसं म्हणजे एवढं खाणं, आणि एवढं खाणं म्हणजे भांड्यांचे डोंगर. तिथल्या उपाहारगृहांमध्ये जोसेफिनबाईंची नऊ मशीन लागली होती.

या प्रदर्शनात स्त्रियांच्या कामासाठी एक वेगळी इमारत होती. पण बाईंचं मशीन मांडलं होतं यंत्रांच्या दालनात, इतर अवजड यंत्रांच्या रांगेत. बक्षीसही मिळालं, तेही बांधणी आणि टिकाऊपणासाठी. बाईने बनवलंय म्हणून कौतुक झालं, असा तो प्रकार नव्हता.

त्यानंतर हॉटेलांबरोबर हॉस्पिटलं आणि कॉलेजंही घेऊ लागली. हॉस्पिटलांचं कारण वेगळं होतं. हाताला सोसणार नाही एवढं गरम पाणी मशीनमध्ये वापरता येतं, त्यामुळे भांडी नुसती चकचकीत न होता जास्त निर्जंतुक होतात. रोग जंतूंमुळे पसरतात हे डॉक्टरांना नुकतंच पटू लागलं होतं, त्या काळात या गोष्टीला मोल होतं.

१८९० च्या दशकाच्या शेवटी बाईंनी स्वतःचा कारखाना काढला, तोही बंद पडलेल्या एका शाळेच्या इमारतीत. आणि कारखान्याचे फोरमन कोण? तेच जॉर्ज बटर्स, जे शेडमध्ये सोबत होते.

घराचं दार उघडलं नाही

एक दुखणं मात्र राहिलं. जिच्या त्रासातून मशीन सुचलं, ती घरातली बाई ते घेत नव्हती.

त्याची कारणं साधी होती. एक, पाणी. घरच्या बंबात एवढं पाणी तापायचंच नाही. दोन, पाण्याचा जडपणा. बऱ्याच ठिकाणच्या पाण्यात साबणाला फेसच येत नसे. तीन, पैसा. घरातल्या मोठ्या खरेदीचा निर्णय पुरुष घ्यायचे आणि भांडी पुरुष घासत नव्हते. ज्याचे हात दुखत नाहीत, त्याला मशीनची गरज कशी दिसणार?

हे तिसरं कारण वाचून आपल्याकडचं एखादं घर डोळ्यांपुढे आलं असेल, तर नवल नाही.

बाई थांबल्या मात्र नाहीत. सत्तरी ओलांडल्यावरही मशीन विकायला न्यूयॉर्कपर्यंत जायच्या. जून १९१३ मध्ये इलिनॉय राज्याने स्त्रियांना काही निवडणुकांत मतदानाचा हक्क दिला. पुढे दोनच महिन्यांत, ऑगस्टमध्ये, ७४ व्या वर्षी जोसेफिनबाई शिकागोत गेल्या. स्वतःची कंपनी चालवत होत्या, कामगार पोसत होत्या, पण मत द्यायची वेळ काही आली नाही.

मग घरात आलं कधी?

१९२४ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम लिव्हन्स यांनी घरगुती मापाचं मशीन बनवलं. समोर दार, आत जाळी आणि पाणी फेकणारा फिरता पंखा. आजच्या मशीनचा चेहरामोहरा बराचसा तिथून आला.

बाईंची कंपनी १९२६ मध्ये होबार्ट या कंपनीने घेतली. होबार्टचाच घरगुती ब्रँड म्हणजे किचनएड. १९४९ मध्ये किचनएड नावाने घरगुती डिशवॉशर बाजारात आलं. पुढे किचनएड व्हर्लपूलकडे गेलं. म्हणजे शेल्बीव्हिलच्या शेडपासून निघालेला धागा आजच्या शोरूमपर्यंत येऊन पोचतो.

भारतात हे मशीन बरीच वर्षं चैनीत मोडायचं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये भांडीवाल्या मावशींचं येणं बंद झालं, घरातल्या सगळ्यांच्या वाट्याला सिंक आलं आणि मागणी एकदम वाढली. तिसरं कारण थोडं ढिलं झालं म्हणायचं.

आता आवाजाचं बघू

जोसेफिनबाईंची मूळ कल्पना लक्षात ठेवली की आवाज कुठून येतो ते आपोआप कळतं. पाणी जोरात येऊन भांड्यांवर आणि मशीनच्या भिंतींवर आदळतं, तो पहिला आवाज. पाणी ढकलणाऱ्या पंपाचा दुसरा. घाण पाणी बाहेर टाकताना होतो तो तिसरा. पाण्याचा मारा तर बंद करता येत नाही, कारण भांडी त्यानेच निघतात. त्यामुळे शांत मशीन म्हणजे हा आवाज पेटीच्या आत कोंडून ठेवणारं मशीन.

घेताना एवढं बघा:

- डेसिबलचा आकडा. माहितीपत्रकात तो दिलेला असतो. बाजारात साधारण ४० ते ५५ च्या दरम्यानची मशीन दिसतात. ४२ आणि ५२ मध्ये फरक फक्त दहाचा दिसतो, पण डेसिबलचं गणित सरळ नसतं. दहाने वाढलेला आवाज कानाला जवळजवळ दुप्पट वाटतो. युरोपातल्या लेबलवर ३९ च्या खाली असेल तर 'ए', ३९ ते ४५ च्या आत असेल तर 'बी' अशी श्रेणी असते. ओटा हॉलमध्येच उघडत असेल तर ४५ च्या आतलं मशीन बघावं.

- आकडा कुठल्या प्रोग्रामचा? युरोपीय लेबलवरचा आकडा इको प्रोग्रामवर मोजतात. कढया-कुकरसाठी जोरदार प्रोग्राम लावला की आवाज वाढू शकतो. रात्री लावणार असाल तर सायलेंट किंवा नाईट प्रोग्राम आहे का ते विचारा. त्यात पाण्याचा जोर कमी आणि वेळ जास्त असतो.

- आतली भिंत. स्टीलची टाकी आणि तिला बाहेरून डांबरासारखा जड थर असेल तर कंप कमी होतो. दार उघडून-मिटून बघा. हलकं, पत्र्यासारखं वाजत असेल तर आवाजही बाहेर येणारच.

- मोटर. इन्व्हर्टर किंवा ब्रशलेस मोटर साध्या मोटरपेक्षा शांत चालते.

- गाळणी की ग्राइंडर? काही मशीन उरलेलं अन्न आतच दळतात, तो आवाज वेगळाच येतो. गाळणीवाली मशीन शांत असतात, पण गाळणी हाताने धुवावी लागते.

- बसवणं. महागडं मशीनही तिरकं बसवलं तर खडखडतं. चारही पाय समतल हवेत, पाईप भिंतीला घासू नये. ओट्याखाली बसवलेलं मशीन मोकळ्यावर ठेवलेल्यापेक्षा कमी ऐकू येतं.

- भांडी लावणं. चमचा खाली लोंबला आणि फिरत्या पंख्याला लागला की टकटक सुरू. तो दोष मशीनचा नसतो. सुरू करण्याआधी पंखा एकदा हाताने फिरवून बघा.

आणि दुकानात जाताना घरातली सगळ्यात मोठी कढई आणि सगळ्यात उंच पातेलं मोजून जा. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी शेल्बीव्हिलच्या बाईंनी आधी भांडी मोजली आणि मग मशीन बनवलं. आपल्याला निदान मोजून विकत तरी घेता येईल.

२००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक दालनात जोसेफिन कोक्रेन यांचं नाव लागलं. त्यांना जाऊन तेव्हा ९३ वर्षं झाली होती. त्यांनी भांडी घासण्याचं काम मशीनकडे दिलं, पुढच्यांनी ते मशीन हळू आवाजात चालेल असं केलं. भरलेलं मशीन रिकामं कोणी करायचं, हा प्रश्न मात्र अजून प्रत्येक घराने आपापला सोडवायचा आहे.